अडकित्ता

ऑक्टोबर २०२४मधल्या एका शनिवारी एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढे करून म्हणाले, "मॅडम, हे आज रात्री ग्रुपवर टाकायचंय. तुम्ही फक्त एकदा वाचा." वाचायला मला दहा मिनिटं लागली. दहावीच्या १९९७च्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात चौसष्ट जण, आणि त्या चौसष्ट जणांसमोर एकाला उद्देशून लिहिलेला मजकूर. त्यात शाळेच्या जिन्याचं वर्णन होतं, बाकांची रांग होती, कोण कुठे बसायचं तेही होतं. शिवी एकही नव्हती. शेवटची ओळ होती : 'आता तू बोल. मी मोजतो.'

मी नाशकात समुपदेशनाचं काम करते. शाळेचे ग्रुप मोबाइलवर आल्यापासून अशी माणसं माझ्याकडे जास्त येऊ लागली आहेत. पंचवीस-तीस वर्षं जे नाव कुणी घेतलं नव्हतं, ते एका दुपारी अचानक खिशात वाजतं. या गृहस्थांची गोष्ट मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकूर त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्तही केला. ज्याच्याबद्दल ते बोलत होते त्याचं नाव त्यांनी पहिल्या तीन बैठकांत एकदाही घेतलं नाही, नुसतं 'तो' म्हणायचे. इथेही तो 'तो'च राहील.

ग्रुपवर आलेलं नाव

वय ४३. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी. पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी सातवीत. ते लहानपणापासून अडखळत बोलतात. माझ्याशी बोलतानाही शब्द अडायचा, जबडा घट्ट व्हायचा, डोळे मिटायचे आणि मग शब्द सुटायचा. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला हा त्रास असतो, पुरुषांत जास्त. त्यामागे ना भित्रेपणा असतो ना बुद्धीची कमी, हे आता भाषणोपचार करणारा कुणीही सांगेल. त्यांच्या शाळेत मात्र हे सांगणारं कुणी नव्हतं.

सप्टेंबरात एका जुन्या मित्राने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. पहिलाच मेसेज 'त्या'चा होता : 'अडकित्ता आला रे!' मागोमाग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या वेळी फोन मुलीच्या हातात होता, वर्गातल्या मैत्रिणीला गृहपाठाचा फोटो पाठवायला घेतलेला. तिने सहज विचारलं, "बाबा, अडकित्ता म्हणजे तुम्ही?" आणि तिला हसू आलं. बारा वर्षांची मुलगी, शब्द गमतीशीर, हसणारच. ते तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मुलगी रडत आत गेली आणि हे रात्री एक वाजेपर्यंत गच्चीवर बसून राहिले. पुढचे तीन आठवडे झोप नीट नाही, जेवताना लक्ष नाही, शॉपफ्लोअरवर एकदा मोजमाप चुकीचं लिहिलं गेलं. शेवटी पत्नीनेच माझा नंबर शोधून दिला.

अडणारा म्हणून अडकित्ता. हे नाव ज्याने शोधलं त्याला भाषा चांगली येत होती, आणि म्हणूनच ते चिकटलं. साधं 'तोतऱ्या' म्हटलं असतं तर चार दिवसांत जुनं झालं असतं.

शाळेत काय झालं

पाचवी ते आठवी, १९९१ ते १९९५. जुन्या नाशकातली शाळा, हे राहायला तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. पहाटे निघायचे, संध्याकाळी यायचे.

मराठीच्या तासाला प्रकट वाचन असायचं. हजेरी क्रमांकाने एकेकाने उभं राहून परिच्छेद वाचायचा. यांचा शब्द अडला की मागच्या बाकावरून पट्टीचा आवाज सुरू व्हायचा, टक, टक, टक. सहावीपासून त्याला मोजणी जोडली गेली. शब्द सुटेपर्यंत मागची दोन बाकं मोजायची, "एक, दोन, तीन..." पुढेपुढे अख्खा वर्ग मोजू लागला. बाई फळ्याकडे तोंड करून हसू दाबायच्या. ही एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज सर्वांत खाली गेला. पट्टी मारणाऱ्यापेक्षा त्या पाठमोऱ्या बाई त्यांना जास्त लागल्या होत्या.

मग जिना. मधल्या सुट्टीत तो जिन्याच्या वळणावर उभा राहायचा. वर जायचं तर आपलं नाव सांगायचं, हा टोल. अडखळणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सर्वांत अवघड जातं, याचं कारण साधं आहे. अडणारा शब्द टाळून दुसरा वापरायची सवय त्यांना लागलेली असते. 'पाणी' अडलं तर 'तहान लागलीय' म्हणता येतं. नावाला पर्याय नसतो. तासाची घंटा व्हायची, हे खालीच, आणि मग उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभे.

आणि रहाड. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. जुन्या नाशकात काही चौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशवेकाळापासूनचे मानले जातात. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते ओंडके टाकून, वर माती पसरून बुजवलेले असतात आणि वरून रहदारी चालते. रंगपंचमीआधी ते उकरतात, पूजा करतात, रंगाच्या पाण्याने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, तिवंध्याची पिवळी. काठावरून अंग झोकून द्यायचं, त्याला धप्पा म्हणतात.

सातवीच्या वर्षीची, म्हणजे १९९४ची रंगपंचमी. हे चुलतभावाबरोबर गेले होते. तो आणि आणखी दोघे आधीच पाण्यात होते. यांनी धप्पा मारला आणि वर येताच डोक्यावर हात आला. "नाव सांग, मग सोडतो." पाणी नाकातोंडात, शब्द घशात. पुन्हा खाली. पुन्हा वर, "नाव सांग." किती वेळा, ते त्यांना सांगता येत नाही. आजूबाजूला शंभर माणसं होती आणि सगळे हसत होते, कारण रहाडीत सगळेच एकमेकांना बुडवत असतात. कुणाला वेगळं काही दिसलंच नाही.

घरी आले तेव्हा डोळ्यांची आग होत होती. वडील त्या दिवशी घरी होते. रंग खेळायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मुलाला मोरीत बसवलं, पाणी घातलं, शर्टाच्या टोकाने त्याचे डोळे पुसले. मुलाने कसंबसं सांगितलं. वडील म्हणाले, "दुर्लक्ष करायचं. आपण आपला अभ्यास करायचा."

"एवढंच म्हणाले, मॅडम. एवढंच." वडील २०११मध्ये गेले. पहिल्या बैठकीच्या माझ्या वहीत या वाक्याखाली रेघ आहे, पण त्या वेळी मी तिचा पाठपुरावा केला नाही. मी 'त्या'च्यामागे लागले होते.

रहाडीनंतर त्याने अंगाला हात लावला नाही. जिन्यावरचा टोलही बंद झाला. मोजणी मात्र वाढली. आठवीनंतर तुकड्या बदलल्या आणि हे संपलं. तेव्हापासून आजतागायत रंगपंचमीला हे गृहस्थ नाशकात नसतात. सिन्नरला सासरी जातात, नाहीतर कामावर हजेरी लावतात.

मी का थांबवलं

त्यांचा हक्क होता मजकूर टाकण्याचा. तरी मी आठ दिवस मागून घेतले.

वर्गात काय मांडणी होती ते बघा. एक जण उभा, बोलण्याची धडपड करतोय, आणि साठ जण बघतायत. ग्रुपवर मजकूर टाकला की पुन्हा तेच. हे उभे, चौसष्ट जण बघणारे. कुणी हसणारा चेहरा टाकेल, कुणी 'जाऊ दे रे, जुनं झालं' म्हणेल, कुणी मध्येच वाढदिवसाच्या शुभेच्छा देईल. ज्याला जाब विचारायचा तो गप्प बसून मजा बघू शकतो. मी त्यांना हेच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी परत वाचनाला उभा राहतोय."

त्यांनी कायद्याचंही विचारलं. शाळकरी वयातल्या या गोष्टींवर तीस वर्षांनी फौजदारी तक्रार टिकणार नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला कायद्याने मुदत घातलेली आहे, आणि ती फार तर तीन वर्षांची. उलट नाव घेऊन ग्रुपवर आरोप केले तर समोरचा बदनामीची तक्रार करू शकतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे. जे लिहिलं ते खरं आहे एवढ्याने भागत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. घाबरवायला मी हे सांगितलं नाही. शब्द बाहेर पडायच्या आधी किंमत माहीत असावी, एवढंच.

दरम्यान नेहमीची तपासणी केली. नैराश्यासाठीच्या नऊ प्रश्नांत २७ पैकी ८, म्हणजे सौम्य. जिवाचं बरंवाईट करायचा विचार नाही. दारू नाही. त्याला मारावं असं वाटतं का, हेही मी स्पष्ट विचारलं. असा जाब विचारायला निघालेल्या प्रत्येकाला ते विचारलं पाहिजे. "अकरावीत वाटायचं. आता त्याला शुगर आहे म्हणतात," असं उत्तर आलं. यातलं काहीही वेगळं निघालं असतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि भेटीचा विषय बाजूला ठेवला असता.

त्यांना एक शंका फार छळत होती. 'पोराटोरांची मस्ती ती, मी उगाच मोठी करतोय का?' आपल्याकडे या सगळ्याला मस्ती हा एकच शब्द आहे आणि तो हसतमुख आहे. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा करणारे डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : तो मुद्दाम असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि ज्याच्यावर होतो त्याला बरोबरीने उत्तर देता येत नाही. जिन्याचा टोल या तिन्हींत बसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४मध्ये छापलेला अभ्यासही मी त्यांना सांगितला. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ७,७७१ जणांची माहिती त्यात आहे. सात आणि अकरा वर्षांची असताना ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त दिसलं. हे ऐकून ते रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वहीत आकडा लिहून घेतला. गुणवत्ता विभागातला माणूस, मोजलेलं काही हातात आलं की त्याला बरं वाटतं.

तयारी

'या भेटीतून काय हवंय' ते मी त्यांना लिहून आणायला सांगितलं. चार गोष्टी आल्या. त्याने कबूल करावं. त्याने माफी मागावी. त्याला लाज वाटावी. माझं वाक्य पूर्ण व्हावं.

पहिल्या तिन्ही त्याच्या ताब्यातल्या होत्या. तो आजही जिन्यावर उभा राहून त्या अडवू शकत होता. यांच्या हातात फक्त चौथी होती. भेट चौथीसाठी घ्यायची आणि बाकीचं मिळालं तर मिळालं, असं ठरवायला आम्हाला चार बैठका लागल्या. सांगायला हे सोपं वाटतं. रात्री दोन वाजता मात्र माफीच हवी असते.

एका भाषणोपचारतज्ज्ञांकडेही ते जाऊ लागले. अडखळणं घालवायला नव्हे. तिथे त्यांना मुद्दाम अडखळायचा सराव दिला गेला, म्हणजे शब्द अडायच्या आधीच आपण होऊन तो अडवायचा, म्हणजे त्याची दहशत कमी होते. दुसरं, कुणाशीही बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचं, 'मी अडखळत बोलतो, मला पूर्ण करू द्या.' तीस वर्षं जे लपवलं ते पहिल्या वाक्यातच टेबलावर ठेवायचं. त्यांनी हे आधी पेट्रोल पंपावर केलं, मग बँकेत, मग कारखान्यातल्या सकाळच्या बैठकीत.

माझ्याकडे आम्ही तालीम केली. 'तो' मी झाले. कधी मला काहीच आठवत नव्हतं, कधी मी हसण्यावारी नेलं, कधी चिडले, कधी पटकन सॉरी म्हणून विषय संपवला, कधी स्वतःचीच कर्मकथा लावली. प्रत्येक वेळी यांनी न चिडता आपलं वाक्य पूर्ण करायचं आणि उठून यायचं. 'आठवत नाही' याची तालीम आम्ही सहा वेळा केली, कारण मला तेच सर्वांत संभवनीय वाटत होतं. कर्मकथेची एकदाच केली. ही माझी चूक, आणि ती पुढे नडली.

जागा त्यांनी निवडली, गंगापूर रोडवरच्या सोमेश्वर मंदिराजवळची. दुकान नको, कारण तिथे तो मालक. घर नको. बार तर नकोच. उघडी जागा, सकाळची वेळ, अर्धा तास, आणि पत्नी हाकेच्या अंतरावर. मेसेज त्यांनी ग्रुपवर न टाकता फक्त त्याला पाठवला : 'शाळेतल्या एका गोष्टीबद्दल समोरासमोर अर्धा तास बोलायचं आहे. भांडायला नाही. रविवारी सकाळी आठला सोमेश्वरला येशील का?' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'ये की भावा, दुकानावर ये. चहा मारू.' यांनी परत लिहिलं, 'दुकानावर नाही.' त्यानंतर उत्तर यायला दोन दिवस लागले. 'बरं. येतो.'

सोमेश्वर

जानेवारी २०२५. पुढचं सगळं त्यांनी त्याच दुपारी लिहून काढलेल्या टिपणातून आहे.

तो दुचाकीवरून आला, हेल्मेट काखेत. टाइल्स-सॅनिटरीचं दुकान आहे त्याचं. केस गेलेले. "काय अडकित्त्या, जाड झालास!" हे सांगितल्याप्रमाणे म्हणाले, "ते नाव नको." मग ठरलेलं वाक्य. 'मी' निघालं आणि स्वतःच्या नावावर शब्द अडला. त्यांच्या अंदाजाने पंधरा सेकंद. तो बघत राहिला. मग त्यानेच हळूच ते नाव पूर्ण केलं. खरं नाव. टिपणात इथे लिहिलंय : 'शाळेत त्याने ते एकदाही घेतलं नव्हतं. राग आला की बरं वाटलं, कळलं नाही. म्हटलं, माझं मला पूर्ण करू दे.' आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पट्टी, मोजणी, जिना, रहाड. अकरा मिनिटं ते बोलले. ही अकरा मिनिटं भेटीचा गाभा होती आणि ती त्यांनी पार पाडली.

मोजणी त्याला आठवत होती. "सगळाच वर्ग करायचा रे." जिना अर्धवट आठवला. रहाड नाही. "रहाडीत सगळेच बुडवतात एकमेकांना. त्यात काय?" यांनी तालमीप्रमाणे सांगितलं, "तुला आठवत नसेल. मला आठवतं. तुला सांगायचं होतं, सांगितलं." इथे उठायचं ठरलं होतं.

पण तो मान खाली घालून म्हणाला, "आमचा म्हातारा पट्ट्याने मारायचा, तुला माहितीये?" आणि वीस मिनिटं बोलत राहिला. दारू, पट्टा, आईच्या हातावरचे वळ. हे ऐकत राहिले. मध्ये त्याचे डोळे भरले तेव्हा यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. निघताना तो म्हणाला, "सॉरी यार, मनात ठेवू नको. रियुनियनला ये, मिसळ खाऊ." आणि गेला.

पुढच्या बैठकीत ते आले तेच मुळी संतापाने थरथरत. "मी त्याचं सांत्वन करून आलो, मॅडम. जाब विचारायला गेलो आणि पाठ थोपटून आलो."

मी बचाव केला नाही. त्याचं दुःख खरं असेल. पण त्या सकाळी त्या बाकावर ते आलं ते यांच्या वाक्याच्या जागेवर. असं होतं तेव्हा म्हणायचं एक वाक्य होतं, 'तुझं ऐकायला मी दुसऱ्या दिवशी येईन, आज माझं.' ते त्यांच्या तोंडी बसवायला हवं होतं. मी ते एकाच तालमीवर सोडलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सोयीने गप्प राहिलेला माणूस दुसऱ्याचे अश्रू दिसले की पुन्हा गप्प होणार, हे मला कळायला हवं होतं. तसं मी त्यांना सांगितलं. पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. झोप पहिल्यासारखीच उडाली. भेट घेतल्यावर माणूस हलकं होऊनच येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दिवस बघायला हवे होते.

नऊ दिवसांनी

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. यांना फोनवर बोलणं सर्वांत जड जातं, तरी उचलला. तो म्हणाला, "आईला विचारलं रहाडीचं. ती म्हणाली, तुझे वडील आले होते आमच्याकडे."

रंगपंचमीच्या त्याच रात्री. एकटेच. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. आवाज चढवला नाही. म्हणाले, माझ्या मुलाला तुमच्या मुलाने पाण्यात दाबून धरलं. माझा मुलगा बोलताना अडतो, पण खोटं बोलत नाही. पुन्हा अंगाला हात लागला तर मी शाळेत नाही, चौकीत जाईन. एवढं सांगून ते गेले आणि मग त्याच्या वडिलांनी पट्टा काढला.

"म्हणून मी नंतर हात नाही लावला तुला," तो म्हणाला. "मला रहाड विसरायला झाली, मार लक्षात राहिला." थोडं थांबून, "मोजणी मी मुद्दाम वाढवली. त्याचा राग होता." या वेळी त्याने सॉरी म्हटलं नाही. यांना ते आवडलं.

तीस वर्षं यांच्या मनात वडिलांचं एकच वाक्य होतं, दुर्लक्ष करायचं. वडिलांनी काही केलं नाही. आपल्यासाठी कुणी काही केलं नाही. याच पायावर पुढचं बरंच काही बांधलं गेलं होतं. बढतीसाठी न बोलणं, शेजाऱ्याशी न भांडणं, मुलीच्या शाळेत पालकसभेला पत्नीलाच पाठवणं. आणि जिन्यावरचा टोल अचानक का थांबला होता, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. उत्तर सगळा वेळ 'त्या'च्या घरात पडून होतं.

वडिलांनी मुलाला हे का सांगितलं नाही, याचा मी विचार करत राहते. त्या पिढीचे बाप असेच होते म्हणून सोडून देणं मला पटत नाही. सांगितलं असतं तर एक पोरगा वेगळा वाढला असता. यांच्याशी मी हे बोलले. ते वडिलांवर चिडले, नीट, मोठ्याने, माझ्यासमोर, आणि ते रागावणं मला त्या सगळ्या महिन्यांतलं सर्वांत निरोगी वाटलं.

बाकीचं थोडक्यात. ग्रुपवर त्यांनी दोन ओळी टाकल्या : 'मला यापुढे माझ्या नावाने हाक मारा. दुसऱ्या नावाला मी उत्तर देणार नाही.' सतरा जणांनी अंगठा दाखवला, बरेच गप्प राहिले. मागच्या बाकावरचा एक जण मात्र स्वतंत्र मेसेज करून म्हणाला, 'मीपण मोजायचो. आजही आठवतं.' रियुनियनला ते गेले नाहीत. मुलीला त्यांनी नावाचा अर्थ सांगितला, ओरडल्याबद्दल माफीही मागितली. तिने विचारलं, "बाई का नाही थांबवत होत्या?" याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली, हे त्यांनी तिला सांगितलं, आणि तुझ्या वर्गात कुणी मोजत असेल तर मला सांग, असंही. त्या मार्चमध्ये पालकसभेला ते स्वतः गेले.

रंगपंचमीला ते नाशकात राहिले. तिवंध्याला गर्दीच्या कडेला एका ओट्यावर मुलीबरोबर उभे राहून त्यांनी धप्पे बघितले. आत उतरले नाहीत, उतरायचं त्यांच्या मनातही नाही. त्याला माफ केलं का, असं मी विचारलं नाही. ते आपण होऊन म्हणाले, "नाही केलं. पण आता तो माझ्या रोजच्या वाटेवर नसतो."

एक काम त्यांनी दोन महिने लांबवलं होतं. एप्रिलमध्ये ते सिडकोत त्याच्या आईला भेटायला गेले. म्हातारी आता थोरल्या मुलाकडे असते, कानाला कमी ऐकू येतं. यांचा शब्द अडला तेव्हा ती शांतपणे बघत राहिली, कदाचित तिला ऐकू येत नाहीये असं समजून. यांना एकच विचारायचं होतं. "बा-बाबांच्या अंगात काय होतं, त्या रात्री?"

तिने आठवून सांगितलं. पांढरा शर्ट. सणाच्या दिवशी दारात आलेला माणूस, अंगावर रंग नाही म्हणून तिचं लक्ष गेलं होतं. मग म्हणाली, नाही, होता. शर्टाचं खालचं टोक तेवढं पिवळं होतं.